दुसऱ्याचं अंगण

आयुष्यात मी एकदाच दुसऱ्याचं अंगण झाडलं, आणि तेही कुठं, तर जपानात.

आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही. माझी आजी भिवापूरच्या पलीकडल्या एका खेड्यातली. तिचं बालपण आणि अर्धी तरणाई गावाची चावडी आणि पाटलाचं दार झाडण्यात गेली. मजुरीसाठी नव्हे, त्या जातीत जन्मली म्हणून. छप्पन साली आजोबांसोबत ती नागपूरला आली, पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली आणि गावी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाकडून बोलावणं आलं, तर दारातूनच म्हणाली, आता झाडीन ते फक्त आपलं अंगण. पुढं त्यापायी बरंच सोसावं लागलं, पण ती हटली नाही. पंचशीलानंतरचं हे आमच्या घरचं सहावं शील. आजीनं वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला.

मी बत्तीस वर्षं नर्स होते. पेशंटच्या उलट्या पुसल्या, जखमा धुतल्या, नको ते सगळं केलं. पण सफाईवाला आला नाही म्हणून कोणी माझ्या हातात झाडू द्यायला गेलं, तर मी असं बघायची की तो माणूस पुन्हा त्या वाटेनं आला नाही. स्वभाव तिखटच आहे माझा, लपवण्यात काय अर्थ. मात्र स्वतःचं अंगण मी रोज झाडते. नागपुरात कामठी रोडकडल्या आमच्या वस्तीत घर लहान, पण पुढं अंगण आहे आणि अंगणात कडुनिंब. पहाटे उठायचं, खराटा घ्यायचा, पानन् पान गोळा करायचं, पाणी शिंपायचं, मग चहा. आमचे हे म्हणतात, झाडाले पान गाळाची भीती वाटत असन तुह्यावाली.

तर जपान. आमचा एकुलता एक मुलगा तिकडं नोकरीला गेला, आणि चार वर्षांनी फोनवर म्हणाला की एक मुलगी आहे. मी पाटावर बसून वांगी चिरत होते, चिरतच राहिले. मुलगी चांगली होती, व्हिडिओवर दिसायची, हात जोडून वाकायची. नातेवाइकांना तर आनंदच झाला. मुलगी बौद्धच आहे ना, मग झालं तर, असं ज्यानं त्यानं म्हटलं, जणू ती इथंच इंदोऱ्याच्या पुढच्या गल्लीत राहते. मीही मनाची तशीच समजूत घातली. पण पोरानं एक गोष्ट नंतर सांगितली. मुलीचे आईवडील दोघंही शहरात नोकरीत, त्यामुळं ती डोंगरातल्या एका जुन्या गावात आजीजवळ वाढली होती. आईवडिलांनी सरळ सांगितलं होतं, आजी हो म्हणेल तर आमचं हो. आणि आजी काहीच म्हणत नव्हती. नाही म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. ती म्हणायची, मुलाच्या आईवडिलांना बघते, मग सांगते.

म्हणजे बघायचा कार्यक्रम आमचा होता! साठी उलटल्यावर. मला राग आला, आणि रागापेक्षा धास्ती जास्त वाटली. कारण पोराच्या आवाजावरून कळत होतं की ही मुलगी मिळाली नाही तर तो कुणाशीच लग्न करणार नाही. लहानपणीही तो असाच, एका पतंगासाठी दिवसभर उपाशी बसणारा.

सदर बाजारातून दोघांसाठी गरम कपडे घेतले, भिवापुरी मिरचीचा ठेचा बरणीत भरला, आणि गेलो. पहिले चार दिवस पोराच्या शहरात काढले, तिथं सगळं उंचच उंच आणि काचेचं. पाचव्या दिवशी मुलगी आणि तो आम्हाला घेऊन निघाले. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून सांगत नाही. बस डोंगर चढायला लागली तशी खिडकीबाहेर झाडं पेटली. शिमग्याच्या आसपास आपल्याकडं पळसाचं रान दिसतं ना, तसं, फक्त इथं फुलं नव्हती, पानंच लाल होती. आमचे हे, जे लग्नाच्या दिवशीसुद्धा काही बोलले नव्हते, ते म्हणाले, बाप्पा! मुलगी खुदकन हसली. शरद ऋतूत हा रंग बघायला माणसं कुठून कुठून येतात, आणि पुढच्या आठ दिवसांत सगळं गळून जातं, असं ती सांगत होती. मी ऐकत होते, पण माझं लक्ष आजीकडं लागलेलं.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. काळ्या लाकडाचं जुनं घर, ठेंगणं दार. आजी उंबऱ्यात बसून वाट बघत होती. ऐंशीच्या पुढची, माझ्या खांद्याएवढी, पण पाठ ताठ. तिनं वाकून नमस्कार केला, मीही वाकले. ती पुन्हा वाकली, मी पुन्हा वाकले. शेवटी पोरानं माझा हात धरला, नाहीतर आम्ही सकाळपर्यंत वाकतच राहिलो असतो. जेवायला बसलो तर भात, मासे, रानातल्या भाज्या, सगळं इवल्या इवल्या वाट्यांत. मी ठेचा काढला. म्हातारीनं चिमूटभर तोंडात टाकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं, आणि पुन्हा वाटी पुढं केली. मला वाटलं, बाई आपल्यातली आहे. पण लग्नाबद्दल अवाक्षर नाही. झोपायला जाताना पोरानं हळूच सांगितलं की उद्या सकाळी गल्लीतल्या शेजारणी चहाला येणार आहेत, आणि आजी म्हणाली आहे, जे सांगायचं ते तेव्हाच सांगेन.

झोप कसली येते! जमिनीवरच्या गादीवर कूस बदलत राहिले. उजाडायच्या आतच उठले, शाल गुंडाळली आणि घरामागचं सरकतं दार उघडलं. मागं लहानसं अंगण होतं, आणि मधोमध एक झाड, पाच बोटांच्या लाल पानांचं. निम्मं झाड खाली आलं होतं. अंगणभर पानं, दगडी वाटेवर, दिव्याच्या दगडी खांबावर, हिरव्या शेवाळावर. पाय ठेवायला जागा नाही.

आज पाहुणे येणार, आणि हे असं! बिचारी म्हातारी एकटी राहते, या वयात कोण झाडणार? तिच्या शेजारणी येतील आणि म्हणतील, नागपूरचे व्याही आले, रात्रभर झोपले आणि सकाळी कचऱ्यात बसून चहा प्यायले. भिंतीला बांबूचा खराटा टेकवलेला होता. अगदी आपल्यासारखा, फक्त दांडा लांब. तो हातात कधी आला ते मला कळलंच नाही.

मी झाडलं. आणि मी झाडते म्हणजे झाडते. दगडांच्या फटीतून पानं काढली, शेवाळावरची हलक्या हातानं ओढली. आमच्याकडं शेवाळ दिसलं की मी ब्लीचिंग पावडर टाकते. नशीब, तिथं ती नव्हती. कोपऱ्यात कमरेएवढा ढीग लावला. बादली दिसली, पाणी शिंपलं. थंडीत घाम आला. दगड काळेभोर चमकायला लागले, आणि मी पायरीवर बसून त्या स्वच्छ अंगणाकडं बघत राहिले. पाच दिवसांत पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं.

मग पोरगा उठून आला. त्यानं अंगण बघितलं, ढीग बघितला, मला बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "आई, हे काय केलं तू?"

त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेजारणी चहाला येणार होत्या त्या चहासाठी नाही, ही पानं बघायला. ते झाड आजीच्या सासूनं लावलेलं. दरवर्षी पानं गळायला लागली की आजी आठ दिवस अंगणात पाऊल टाकत नाही, पानाला हात लावत नाही. लाल पानं हिरव्या शेवाळावर जशी पडतील तशीच राहू देते, आणि ऐन भर असतो त्या दिवशी गल्लीला बोलावते. वर्षातून एकच सकाळ. ती सकाळ मी ढीग करून कोपऱ्यात लावली होती.

तेवढ्यात आमचे हे आले. त्यांचं दुःख वेगळंच. माझ्या हातातल्या खराट्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचं आंगण झाडलं तू? आजीचं काय सांगणं होतं तुह्या?"

हे मला जास्त लागलं. पानांचं तर माहीत नव्हतं, पण हे तर जन्मापासून माहीत होतं. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या ज्या झाडूला बोट लावलं नाही, तो मी परक्या देशात, न सांगता, न मागता, स्वतः उचलला होता. आणि त्यानंच पोराचं लग्न मोडणार. मला रडू आलं. मी सहजी रडणारी बाई नाही, पण त्या पायरीवर पदर तोंडात धरून रडले.

आजी आली ती याच वेळी. मागं तिची नात, तोंडावर हात ठेवून. म्हातारी दारात थांबली. अंगणाकडं बघत राहिली, किती वेळ कोण जाणे. मग तिनं पोराला एकच प्रश्न विचारला, आणि पोरानं तो मला सांगितला. तुझ्या आईनं का झाडलं, असं ती विचारत होती.

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, पाहुणे येणार म्हणून. आणि मग थांबवेना, म्हणून माझ्या आजीची सगळी गोष्ट सांगितली, पाटलाचं दार, दीक्षा, ती परत आली तो दिवस. आमच्या घरच्या बाया दुसऱ्याचं अंगण झाडत नाहीत, हे सांगितलं. पोरगा आणि मुलगी आळीपाळीनं तिला समजावत होते, मध्येच अडकत होते. शेवटी मी म्हटलं, "मी आजवर दुसऱ्याचं अंगण झाडलं नाही, आजी. आज कसं झाडलं, मलाच कळत नाही. मला ते दुसऱ्याचं वाटलंच नाही."

हे तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. पोहोचलं तेव्हा तिनं मान हलवली, चपला घातल्या, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा अंगणात उतरली. सरळ ढिगापाशी गेली. दोन्ही हातांच्या ओंजळीत पानं घेतली आणि वर उडवली. बघितलं, कुठं पडतात. पुन्हा घेतली. मग माझ्याकडं वळून हातानं खूण केली, ये.

गेले. सुरुवातीला माझा हात चालेना. झाडलेल्या अंगणात कचरा टाकायचा म्हणजे काय! पण ती टाकत होती, म्हणून मीही टाकायला लागले. तिची पानं कशी मोकळी पडायची, माझी गठ्ठ्यानं. ती माझं मनगट धरून दाखवायची, असं नाही, असं. आमचे हे कोपऱ्यातून टोपलीनं पानं आणून देत होते, लग्नात भात वाढणाऱ्यासारखे. पोरगा आणि मुलगी दारात उभे राहून हसू दाबत होते. अर्ध्या तासात अंगण पुन्हा लाल झालं. पहिल्यासारखं नाही झालं. मला दिसत होतं की नाही झालं. पण ऊन आलं, झाडावरून आणखी चार पानं आपोआप खाली आली आणि बाकीच्यांत मिसळून गेली.

शेजारणी आल्या. सहाजणी, सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्या हसऱ्या. अंगणाकडं तोंड करून बसल्या आणि हळू आवाजात कौतुक करू लागल्या. मी मान खाली घालून चहा पीत होते, कडू हिरवा चहा, आणि वाट बघत होते की आजी आता सांगणार. आजी बोलायला लागली. बोलता बोलता तिनं माझ्याकडं बोट केलं, सगळ्याजणी माझ्याकडं वळल्या आणि जोरात हसल्या. माझे कान तापले. मी पोराकडं बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, माझी नात सकाळी कधीच लवकर उठली नाही. मी थकले सांगून. आता तिला या सासूकडं पाठवते."

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गाव बघायला गेलो. लाल पूल, पुलाखाली थंडगार पाणी, जुन्या लाकडी घरांच्या रांगा, आणि जो तो पानांचे फोटो काढतोय. गाव सुंदरच आहे, त्यात वाद नाही. आजी माझा हात धरून चालत होती. कुठल्याशा दुकानासमोर रस्त्यावर पानं पडली होती, तर तिनं मला कोपरानं ढोसलं आणि झाडल्यासारखा हात केला. जन्मभराची चेष्टा लागली मागं.

लग्न नागपूरला झालं, आमच्या विहारात, फेब्रुवारी संपता संपता. मुलीचे आईवडील दोन दिवस आधी येणार होते, पण आजी नातीसोबत आठ दिवस आधीच आली. आणि तेव्हाच आमचा कडुनिंब गळत होता. पिवळी बारीक पानं, वाऱ्याची झुळूक आली की सरसर खाली. ती येणार त्याच्या तीन दिवस आधी मी खराटा जिन्याखाली ठेवून दिला. ठरवलं होतं, म्हातारीला आमचीही पानं दाखवायची. तिच्यासारखी लाल नाहीत, पण अंगणभर पिवळी पडली की बरी दिसतात. माझ्या किती जिवावर आलं ते मलाच ठाऊक. पहाटे उठायची आणि हात बांधून बसायची. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, काहून वं, तब्येत बरी नाही का? लग्नाचं घर आन हा कचरा? मी म्हटलं, तुले काय करायचं. तिसऱ्या दिवशी तर तीच झाडायला येते म्हणाली, तिला मी फाटकातून परत पाठवलं.

आजी रात्री पोहोचली. जेवली, ठेचा मागून घेतला, झोपली. अंगण अंधारातच होतं. मी मनात म्हटलं, उद्या सकाळी हाताला धरून बाहेर आणीन आणि दाखवीन.

पहाटे आवाजानं जाग आली. सर्र, सर्र. हा आवाज माझ्या हाडांत आहे, झोपेतही चुकणार नाही. खराटा. मला वाटलं शेजारीणच घुसली, आणि तावातावानं दार उघडलं.

अंगणात आजी होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर. जिन्याखालचा खराटा तिनं कसा शोधला कोण जाणे. झाडाखालून सुरुवात करून फाटकापर्यंत आली होती. दगडांच्या फटीतली पानंही काढली होती, अगदी माझ्यासारखी. तीन दिवसांची माझी पिवळी पानं कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती. तिनं मला बघितलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि अशा समाधानानं हसली की मला ओरडताच येईना.

मी पायरीवर बसले. रडत होते की हसत होते, आता आठवत नाही. आवाज ऐकून आमचे हे बाहेर आले आणि दारातच थबकले.

"अवं, पाहुणी झाडून राहिली आन तू बसून राहिली?"

म्हटलं, "पाहुणी नाही ते. चुपचाप बसा."

ते बसले. आजीनं बादली भरून घेतली आणि पाणी शिंपायला लागली. मी उठून तिला अडवलं नाही. आपलं अंगण झाडणाऱ्या बाईला कोण अडवतं?